उतरवलेलं इंजिन

१

मुलुंड पूर्वेच्या त्या तीनमजली सोसायटीत सकाळी साडेसहाचा गजर कुणी लावत नसे. गरजच काय? साडेसहाला दिघे फियाट चालू करत.

गाडी चौसष्ट सालची, राखी रंगाची. श्यामसुंदर दिघ्यांनी विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य काढलं होतं आणि दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशी साली, ते रिटायर झाले होते. आता कुठे जायचं नव्हतं, यायचं नव्हतं. शनिवारी मार्केट आणि महिन्याकाठी घाटकोपरला मेहुणीकडे, एवढीच काय ती गाडीची दौड. पण रोज सकाळी खाली उतरायचं, चोक ओढायचा, पाच मिनिटं इंजिन गरम होऊ द्यायचं, हा नेम कधी चुकला नाही. समोरच्या रत्नप्रभाबाई म्हणत, "दिघे, गाडी कुठे नेत नाही, मग आम्हाला कशाला उठवता हो?" दिघे नुसते हसत.

गाडी उभी असे ती नेमकी त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीखाली. सुहासिनीबाई वर पलंगावर पडल्या पडल्या ऐकत. दिघे जिना चढून आले की त्या निकाल देत, "आज खुशीत आहे," किंवा "आज रुसलीय, बघा काय केलंत ते." दसऱ्याला लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात. ह्या बाई बॉनेट उघडायला लावत आणि हळदकुंकू थेट इंजिनाला लावत. "पळतं कोण? ते. मग मान त्याचा." बावीस वर्षं हेच.

मूलबाळ नव्हतं. आधी त्याचं दुःख झालं, मग सवय झाली, आणि पुढे दोघं एकमेकांचेच लाड करायला लागले. साठीच्या माणसाला बायकोनं नखं कापून द्यावीत, हे काही सगळ्या घरात होत नाही. इथे व्हायचं.

वर्षभरापूर्वी सुहासिनीबाईंना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं काय लहान होतं?" डॉक्टर हसले, दिघे हसले नाहीत.

आणि मग जूनमधली ती सकाळ. गाडी चालू झाली, पण दिघ्यांचे कान टवकारले. ठकठकठक आणि मधेच एक जागा रिकामी. पुन्हा ठकठकठक, पुन्हा एक रिकामी. इंजिन मिस मारत होतं. जुन्या गाडीला होतं असं. ते वर आले तर सुहासिनीबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, हात छातीवर.

"काय गं?"

"काही नाही हो. मधेच एक ठोका गळतोय असं वाटलं. तीन झाले की एक गळतो."

२

काशीराम परबचं गॅरेज नाहूरच्या बाजूला, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. माणूस मालवणकडचा. आधी गिरणीत फिटर होता, संपात गिरणी गेली तेव्हा गाड्यांकडे वळला. यंत्र कुठलंही असो, त्याची तपासायची रीत एकच. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं सगळं म्हणे ऐकू येतं.

त्या दिवशी त्यानं असंच कान लावून ऐकलं आणि कपाळाला आठी घातली.

"काका, काकींची तब्येत बरी आहे ना?"

"ती कुठून आली मध्येच?"

"नाय, असंच विचारलं," काशीराम म्हणाला आणि प्लग खोलायला लागला.

प्लग साफ झाले, टॅपेट जुळवले, कार्ब्युरेटर धुतला. इंजिन अगदी तालात बोलायला लागलं. दिघे संध्याकाळी घरी आले तर जिन्यातच वालाच्या बिरड्याचा वास. तीन महिन्यांत ओट्याशी उभ्या न राहिलेल्या सुहासिनीबाईंनी बसून अख्खे वाल सोलले होते आणि वर पदर खोचून नारळ खवत होत्या.

"अगं, हे काय!"

"अकरा वाजल्यापासून काय हलकं वाटतंय म्हणून सांगू! मला वाटलं, आहे जोर तर करून घ्यावं."

अकरा वाजता काशीरामनं चौथा प्लग बसवला होता. दिघ्यांना आठवलं, पण त्यांनी ते मनाबाहेर ढकललं आणि दोन वाट्या बिरडं खाल्लं.

३

दिघे ड्रॉइंग ऑफिसातले. एक रेघ चुकली तर खाली शंभर नग फुकट जातात, या धाकात वाढलेला माणूस. अंगारे-धुपारे, नजर, दृष्ट, काही मानायचं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, संपलं. पण जुलैत पाण्याच्या पंपानं दगा दिला, इंजिन तापलं आणि त्याच दुपारी सुहासिनीबाईंना एकशेतीन ताप चढला. पंप बदलला त्या संध्याकाळी उतरला. कावळा एकदा बसतो हो. हा रोज यायला लागला.

शेवटी त्यांनी जे करायला नको ते केलं. एका दुपारी बाई गाढ झोपल्या होत्या. दिघे दबक्या पावलांनी खाली गेले, गाडी चालू केली, आणि न्यूट्रलमध्येच ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. इंजिन किंचाळलं. दहा अंक मोजून त्यांनी पाय उचलला, चावी काढली आणि धावत वर आले.

सुहासिनीबाई उठून बसल्या होत्या. केस सुटलेले, चेहरा लालबुंद, गळ्याखाली घामाच्या धारा. श्वास भात्यासारखा चालला होता.

"अहो, मी पळत होते. मागून कुणीतरी नुसतं रेटत होतं. कोण होतं हो?"

दिघ्यांनी पाणी पाजलं. लाज वाटली त्यांना, इतकी की त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. पुन्हा गाडीला हात लावणार नाही, अशी त्यांनी मनोमन शपथ घेतली.

ती शपथ तीन दिवस टिकली. पहिल्या दिवशी बाई उशिरापर्यंत झोपल्या. दुसऱ्या दिवशी जेवायला उठल्या नाहीत. तिसऱ्या सकाळी दिघ्यांनी हात हातात घेतला तर तो थंडगार, आणि बाई बोलल्या त्या खोल विहिरीतून बोलल्यासारख्या.

"आज... गाडी नाही का चालू केलीत?"

दिघे अनवाणी खाली पळाले. गाडी चालू व्हायला बारा वेळा किल्ली फिरवावी लागली. रत्नप्रभाबाई गॅलरीत येऊन बघत राहिल्या, कारण दिघे स्टिअरिंगवर डोकं टेकून "चल गं, चल गं राणी" म्हणत होते.

४

ऑगस्ट संपता संपता निळा धूर सुरू झाला. गाडी पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त प्यायला लागली. वर बाईंच्या पायांवर सूज आली. रात्री उशा रचून बसूनच झोपायचं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, पुन्हा बदलल्या, आणि मग दिघ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरनं खांद्यावर हात ठेवला की समजायचं.

काशीरामनं इंजिनाला कान लावला. या वेळी बराच वेळ लावला.

"खरं सांगू की गोड सांगू, काका?"

"खरं."

"संपलंय. तीन रस्ते आहेत. एक, पुन्हा बोअर करू, सिलिंडर आतून घासून घेऊ, नवीन पिस्टन, नवीन रिंगा. पण दोनदा बोअर झालेला ब्लॉक आहे, भिंती पातळ झाल्यात. सहा महिने काढेल. नशीब असेल तर थोडे वर. आणि सुखानं नाय काढणार, कुरकुरत काढेल. दुसरं, डिझेल इंजिन बसवायचं. हल्ली सगळे तेच करतात. ताकद दांडगी, पण ह्या गाडीचं हाड नाजूक, सगळं खिळखिळं करून टाकेल. तिसरं, कुर्ल्याला भंगार बाजारात जातो, चालू स्थितीतलं फियाटचंच इंजिन बघतो. मिळालं तर दहा वर्षं बघायला नको."

दिघे घरी आले. बाई खिडकीशी उशांना टेकून बसल्या होत्या. दिघ्यांनी तिन्ही रस्ते जसेच्या तसे सांगितले. गाडीबद्दलच सांगितले, दुसऱ्या कशाबद्दल अवाक्षर नाही.

"डिझेल नको गं बाई," सुहासिनीबाई म्हणाल्या. "ट्रकमध्ये बसल्यासारखं होईल."

"आणि दुसरं इंजिन?"

बाई खाली गाडीच्या टपाकडे बघत होत्या. "दुसऱ्याचं ते दुसऱ्याचंच हो. आहे तेच नीट करा. सहा महिने तर सहा महिने. आपल्याला कुठे काश्मीरला जायचंय?"

"आणि सहा महिन्यांनी?"

"सहा महिन्यांनी तुम्ही चालत जाऊन भाजी आणाल. पोट तरी उतरेल."

दिघे हसले. मग मोरीत जाऊन त्यांनी नळ मोठा सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले. सहा महिने हा घास त्यांच्या घशाखाली उतरेना. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचा शब्द मोडला असेल तो एकदा, आणि तो आता. दुसऱ्या दिवशी ते काशीरामला म्हणाले, "इंजिन बदल."

५

इंजिन मिळालं. काशीराम ते सांगायला स्वतः घरी आला आणि दारातच घुटमळला.

"माल एकदम झकास आहे. जेमतेम वापरलेला. पण काका, ठोकलेल्या गाडीतला आहे. आमच्याकडे असलं घेत नाय. निदान कुणाची गाडी, काय झालं, एवढं विचारून घेतात. मी विचारू?"

"मी असल्या गोष्टी मानत नाही," दिघे म्हणाले.

आता बघा, बायकोच्या श्वासासाठी गाडीचं इंजिन बदलायला निघालेला माणूस हे बोलत होता! पण तोंडातून गेलं ते गेलं. काशीराम मान हलवून निघून गेला. जाताना आपल्याशीच पुटपुटला, "ह्यां माका बरां दिसत नाय."

बुधवारी गाडी गॅरेजला गेली. दिघे मात्र गेले नाहीत. ते पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसले. दहा वाजता बाईंनी पेजेचे चार घोट घेतले. साडेदहाला म्हणाल्या, "झोप येतेय. तुम्ही जेवून घ्या हं, थांबू नका माझ्यासाठी." त्यांनी दिघ्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

अकराला काही मिनिटं असताना छाती हलायची थांबली.

दिघ्यांनी नाडी बघितली, नाकाशी बोट धरलं. काही नाही. अंग थंडही पडत नव्हतं आणि उबदारही नव्हतं. डॉक्टरचा दवाखाना दोन मिनिटांवर होता. दिघे जागचे उठले नाहीत. डॉक्टर आले तर एक कागद लिहून देतील, आणि मग शेजारपाजार येईल, आणि मग कुणी चारपर्यंत थांबणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. काशीराम म्हणाला होता, सकाळी इंजिन उतरवतो, चारपर्यंत दुसरं बसवतो. बारा वाजले, एक वाजला. पंखा फिरत होता. रत्नप्रभाबाईंनी कसलीशी वाटी द्यायला बेल वाजवली, दिघ्यांनी दार उघडलं नाही. आपण वेडे झालो आहोत, असं त्यांना दोनच्या सुमाराला वाटलं. तीनच्या सुमाराला त्यांची खात्रीच झाली. हात त्यांनी सोडला नाही.

सव्वाचार वाजता सुहासिनीबाईंनी एक मोठा श्वास आत घेतला. पहिल्याच झटक्यात. डोळे उघडले आणि त्या सरळ उठून बसल्या.

थोड्या वेळानं रत्नप्रभाबाईंनी दार ठोठावलं. "दिघे, आमच्याकडे फोन आलाय तुमचा. काशीराम म्हणून कुणी आहे. लागलं म्हणतोय, एकदम मख्खन."

६

दोन दिवस दिघे हवेत होते. सूज उतरली, उशा कपाटात गेल्या. बाई जिना उतरल्या, चढल्या, गच्चीत जाऊन गाद्या उन्हात टाकून आल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि आपलंच यंत्र झटकून पुन्हा तपासलं. गाडी सकाळी अशी हलकेच चालू व्हायची की रत्नप्रभाबाईंनाही जाग येईना. दिघ्यांनी पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की बाई स्वयंपाकघरात डबे शोधतात. बत्तीस वर्षं एका जागी असलेला साखरेचा डबा त्यांना सापडत नाही. सापडला की त्या ओशाळून हसतात. आजारातून उठल्यावर होतं असं, दिघे स्वतःला म्हणाले. मग दिसलं की बाई त्यांच्याशी फार अदबीनं वागतात. ताट वाढताना नजर खाली. निजताना पलंगाच्या अगदी कडेला, साडी पायाच्या बोटांपर्यंत ओढून. भाड्याच्या खोलीत नवीन आलेल्या बाईनं वागावं तसं.

त्या वाईट नव्हत्या हो. हेच तर अवघड होतं. दिघ्यांना ठसका लागला तर धावत पाणी आणत. पण ते पाणी एका परक्या बाईनं आणलेलं असे.

आणि रोज संध्याकाळी सव्वापाच वाजले की बाई दारात जाऊन उभ्या राहत. पहिले दोन दिवस दिघ्यांना वाटलं, वारा खातायत. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी मागून जाऊन पाहिलं. बाईंनी दोरीवरचा टॉवेल काढून घेतला होता आणि रस्त्याकडे बघत त्याच्या दशांची वेणी घालत होत्या. बोटं सराईतपणे चालली होती. एक वेणी झाली, मग शेजारी दुसरी. दोन्ही सारख्या लांबीच्या.

"काय करतेयस, सुहास?"

त्या दचकल्या. हाक आपल्याला आहे हे कळायला त्यांना क्षणभर लागलं.

"दुपारची शाळा साडेपाचला सुटते ना? मग नंदा अजून कशी येत नाही हो? चार दिवस झाले."

दिघे तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. माणूस गेलं तर सुतक असतं, चार लोक येऊन बसतात, रडता येतं. ह्याचं काय करायचं? बायको समोर ठणठणीत उभी होती, आणि बायको घरात नव्हती.

७

"मला वाटलंच तुम्ही येणार," काशीराम म्हणाला.

जुनं इंजिन शेडच्या मागच्या कोपऱ्यात एका टायरवर ठेवलं होतं. नळ्या कापलेल्या, तारा लोंबणाऱ्या. आत थेंबभर पेट्रोल नाही. उतरवून आठवडा झाला होता.

"भंगारवाला दोनदा आला," काशीराम लांबूनच बोलत होता. "हात लावून परत गेला. पैसे नको म्हणाला, इंजिन पण नको म्हणाला. तुम्ही लावून बघा हात."

दिघ्यांनी तळवा टेकवला. लोखंड कोमट होतं. शेडमध्ये सावली होती, बाहेर आभाळ भरलेलं. तरी कोमट, झोपलेल्या माणसाच्या पाठीइतकं.

त्यांनी भिंतीवरचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आधी काहीच नाही. मग फार खोलवर ठकठकठक, आणि एक रिकामी जागा. ठकठकठक, आणि एक रिकामी. मग त्यांना वाटलं की आवाज जवळ येतोय. तेही नाही. आवाज तिथेच होता, पलीकडून कुणीतरी जवळ आलं होतं. दारापलीकडे माणूस श्वास रोखून कान लावून उभं राहिलं की दारालाच कळतं, तसं. दिघे इकडून ऐकत होते आणि तिकडून कुणीतरी दिघ्यांना ऐकत होतं.

"सुहास?" ते हळूच म्हणाले.

ठोके थांबले. मग आले, भराभरा, एकही न गळता, दहा-बारा तरी. आणि पुन्हा आपले दमून पहिल्यासारखे.

स्क्रूड्रायव्हर खाली पडला. काशीरामनं येऊन त्यांना धरलं आणि बाकड्यावर बसवलं. चहा मागवला.

"हेच परत बसव," दिघे म्हणाले. "बोअर कर, रिंगा घाल, जे लागेल ते कर. आधी हे पूर्ण तयार कर, मगच ते उतरव."

"काका, सहा महिने. मी आधीच सांगितलंय. पुन्हा तोच धूर, तोच त्रास."

"तिनं तेवढेच मागितले होते रे. मीच ऐकलं नाही."

काशीराम नखं कुरतडत राहिला. "मी त्या भंगारवाल्याला विचारलं नंतर. राहवलं नाय. गाडी विक्रोळीची होती. बाई एकटीच होती आत. पोरीला शाळेतून आणायला निघालेली."

दिघ्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. या सगळ्या दिवसांत त्यांना आपल्या दुःखापलीकडे काही सुचलं नव्हतं. आणि त्यांच्या घरात एक आई रोज दारात उभी राहत होती.

"किती दिवस लागतील?"

"शुक्रवारी संध्याकाळी गाडी आणून द्या. शनिवारी सकाळी बदलतो."

८

शुक्रवारी साडेचारला दिघे बाईंना म्हणाले, "चला, आपण नंदाच्या शाळेत जाऊ. रस्ता मला ठाऊक नाही. दाखवाल?"

'सुहास' म्हणून हाक मारायची त्यांनी सोडून दिली होती. जीभच वळत नव्हती.

बाईंनी ना काही विचारलं, ना आश्चर्य दाखवलं. केस नीट केले, चपला घातल्या. दिघ्यांनी पुढचं दार उघडून धरलं, पण त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. विक्रोळी आलं तशा पुढे झुकल्या. "इथे डावीकडे. आता त्या पिंपळापाशी उजवीकडे. सावकाश हं, पुढे खड्डा आहे." पिंपळ होता, खड्डाही होता. सुहासिनी दिघ्यांना मुलुंड स्टेशनच्या पलीकडचे रस्ते कधी आठवले नव्हते. आरशात चेहरा मात्र तिचाच दिसत होता, हनुवटीवरचा तीळ, सगळं. दिघ्यांनी आरसा वर फिरवला.

"बास, इथेच. इंजिन बंद करू नका."

रस्त्यापलीकडे शाळेचं फाटक. बाहेर छत्र्या, आया, आजोबा. घंटा झाली आणि पोरांचा लोंढा बाहेर पडला. शेवटी शेवटी एक सात-आठ वर्षांची मुलगी आली, बारकी, दप्तर पाठीपेक्षा मोठं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिचा हात धरला. दोघं चालायला लागली.

चार पावलं गेली असतील. मुलगी थांबली. अजून तिनं गाडीकडे बघितलंही नव्हतं, नुसती मान वाकडी करून ऐकत होती. सगळ्या हॉर्नांतून, कलकलाटातून, एका उभ्या गाडीचं इंजिन ऐकत होती. मग तिनं आजोबांचा हात झटकला आणि वळून धावली, तोंडभर हसत, थेट फुटपाथच्या कडेपर्यंत.

तिथे तिला राखी गाडी दिसली. पुढे एक अनोळखी म्हातारा, मागे एक अनोळखी म्हातारी. हसू तसंच राहिलं थोडा वेळ. काढून कुठे ठेवायचं ते तिला कळेना. आजोबा धापा टाकत आले, काहीतरी रागावले, आणि तिला घेऊन गेले. वळणापर्यंत ती मागे बघत होती.

दिघ्यांना मागे बघायचं धैर्य झालं नाही. फक्त काचेवर तळवा टेकल्याचा बारीक आवाज आला, आणि तो बराच वेळ काचेवरून उतरला नाही.

"वेण्या आजोबांनीच घातल्यात," मागून आवाज आला. "वाकड्या. पण घट्ट आहेत. सुटणार नाहीत दिवसभर."

दिघ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुम्ही म्हणाल तेवढा वेळ थांबू," ते म्हणाले. "मला घाई नाही. खरंच नाही."

"नको. पाहिलं मी तिला." बाईंनी पदरानं काच पुसली. "चला आता. तुमच्या त्या वाट बघत असतील."

दिघ्यांनी गाडी वळवली आणि नाहूरचा रस्ता धरला.